साथीच्या काळात घरी पेशंटकडे राहणाऱ्या आयाबाईंच्या करारात काय काय लिहून घ्यावं?

गिरणाकाठ (जळगाव)

नमस्कार मंडळी. जळगाव, भुसावळ, पाचोरा या भागात घरोघरी पेशंटकडे १२ आणि २४ तासांच्या ड्यूटीवर जाणाऱ्या बायकांचा आमचा गट आहे. काहींना आया-नर्स पुरवणारा ब्युरो पाठवतो, काही थेट ओळखीतून जातात. कोविडमध्ये सगळं तोंडी चाललं आणि भुर्दंड बायकांनाच बसला. ड्यूटी बंद झाली की त्या दिवसापासून पगार बंद, मास्क पदरचा, आणि आजारी पडल्यावर 'आता घरी जा' एवढंच उत्तर. पुन्हा साथ आली तर निदान दोन पानांचा करार हाताशी असावा, पेशंटच्या घरच्यांची आणि बाईची त्यावर सही असावी, असं ठरलं आहे.

मुद्दे काढले आहेत, पण दोन ठिकाणी अडलंय. एक, ऐन मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या आसपास असताना पीपीई किट घालून १२ तास कसं बसायचं? दुसरं, बाईला लागण झाली तर पगार कोणी आणि किती दिवसांचा द्यायचा? कृपया नेमकं सांगा. 'काळजी घ्यावी' असं लिहून कोणी काळजी घेत नाही.

सिस्टर धुळे

ताई, अंगभर किट तुमच्या यादीतून आधी काढून टाका. घरच्या पेशंटजवळ त्याची गरज नसते. केंद्राच्या गृहविलगीकरणाच्या सूचनांत काळजी घेणाऱ्यासाठी मास्क, हातमोजे आणि ४० सेकंद हात धुणं यांवर भर होता. पेशंटच्या खोलीत असताना एन-९५. अंग पुसणं, डायपर बदलणं, उलटी साफ करणं अशा कामाला वरून प्लास्टिकचा एप्रन घालायचा, बस. बंद सूटमध्ये घाम वाळत नाही, अंग तापत जातं, डोकं गरगरायला लागतं आणि मग बाई तो सूट घाईघाईत ओढून काढते. खरा धोका त्या काढण्यात असतो.

मास्कचा हिशोब असा. एरवी एका बाईला ५ एन-९५ आणि ५ कागदी पाकिटं पुरतात. आज वापरलेला मास्क पाकिटात ठेवायचा, त्याची पाळी पुन्हा पाच दिवसांनी. पाकीट कागदाचंच हवं, प्लास्टिकच्या पिशवीत तो ओलाच राहतो. पण उन्हाळ्यात हे गणित मोडतं. घामाने भिजलेल्या मास्कमधून श्वास जड होतो आणि बाई तो नकळत नाकाखाली ओढते. म्हणून एप्रिल ते जूनसाठी 'दर १२ तासांना २ नवे मास्क, खर्च पेशंटच्या घरचा' असं स्वच्छ लिहा. पुढे गोल झडप असलेला मास्क नको, त्यातून बाईचा श्वास न गाळता बाहेर पडतो. कानाला अडकवायच्या दोऱ्यांपेक्षा डोक्यामागून जाणारे पट्टे बरे, एक टाळूवर आणि एक मानेवर. घातल्यावर दोन्ही हातांनी मास्क झाकून जोरात श्वास सोडून बघायचं. डोळ्यांकडे वारा लागला तर नाकाची पट्टी दोन्ही बोटांनी पुन्हा दाबायची.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पेशंटच्या उशाशी १२ तास बसून राहणं हे कामच नाही. पेशंट शुद्धीत असेल तर त्याच्या हाताशी घंटी द्या, आणि बाईची खुर्ची दाराबाहेर ओट्यावर किंवा ओसरीत ठेवा. आत जायचं ते ठरलेल्या कामासाठी: औषध, जेवण, कूस बदलणं, ऑक्सिमीटर. दर तासाला १० मिनिटं मास्क काढून, हात धुऊन, मोकळ्यावर पाणी प्यायची सुट्टी लिहूनच घ्या. नाहीतर ती पाणी प्यायला मास्क काढते तो पेशंटच्या खोलीतच. उन्हात ओआरएसचं एक पाकीट १ लिटर पाण्यात, किंवा १ लिटरला सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

आता कूलर. आपल्याकडे मे महिन्यात कूलरशिवाय पेशंट राहूच शकत नाही, आणि साथीत चूक होते ती इथेच. कूलर खिडकीत बसवलेला असेल, मागून बाहेरची हवा घेत असेल आणि समोरची खिडकी उघडी असेल तर तो उत्तम. खोलीतली हवा सतत बाहेर ढकलली जाते. तोच कूलर चाकांवर खोलीच्या आत ठेवून दारं-खिडक्या लावल्या की पेशंटचा श्वास खोलीभर फिरत राहतो. आत काम करताना बाईने कूलरच्या बाजूला उभं राहायचं, म्हणजे हवा तिच्याकडून पेशंटकडे आणि तिथून बाहेर जाईल. पलंग समोरच्या उघड्या खिडकीजवळ घ्या. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासायची, नाहीतर साथीच्या जोडीला डेंग्यूचे डास. हे काम बाईचं की घरच्यांचं, तेही लिहा.

उतरवण्याचा क्रम भिंतीवर चिकटवा: हातमोजे, हात धुणं, एप्रन, हात धुणं, मग खोलीबाहेर येऊन मागच्या पट्ट्यांनी मास्क, पुन्हा हात धुणं. मास्कच्या पुढच्या भागाला हात लावायचा नाही. वापरलेले मास्क-हातमोजे कापून कागदी पिशवीत ७२ तास ठेवायचे आणि मग नेहमीच्या कचऱ्यात, अशी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची सूचना होती. पेशंटच्या रक्ता-थुंकीने भरलेलं सामान दवाखान्याच्या कचऱ्यासाठी असते तशा पिवळ्या पिशवीत वेगळं.

फरशी आणि शौचाच्या भांड्याला १ टक्का हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचं जंतुनाशक पाणी. ब्लीचिंग पावडर ३० ग्रॅम, पाणी १ लिटर, प्लास्टिकच्या बादलीत, रोज ताजं. ५ टक्क्यांचं तयार द्रावण असेल तर १ भागाला ४ भाग पाणी. आधी साबणाने मळ काढा, कारण घाणीवर ओतलेलं क्लोरीन तिथेच संपतं. उघडं पाकीट उन्हाळ्यात फार लवकर कमजोर होतं, म्हणून लहान पाकिटं घ्या, घट्ट बंद करून अंधारात ठेवा. आणि संडास साफ करायचं ॲसिड यात कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. बाथरूमचं दार लावून हे दोन्ही एकत्र वापरणं जिवावर बेतू शकतं.

कामगारकट्टा

सिस्टरनी कामाचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो.

साथीत आयाबाईचं खरं नुकसान होतं ते तिचं नाव कुठल्याच यादीत नसल्यामुळे. जानेवारी २०२१ मध्ये लसीकरणात आरोग्य कर्मचाऱ्यांना पहिली पाळी होती, पण नावं दवाखान्यांनी आणि संस्थांनी पाठवली. घरी काम करणाऱ्या बाईचं नाव पाठवणार कोण? तिला आपल्या वयोगटाची वाट बघावी लागली. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचं विमा संरक्षण होतं, तेही सरकारने कोविडच्या कामाला नेमलेल्यांना, खासगी घरात काम करणारीला नाही. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत राज्य सरकारने घरेलू कामगारांना १,५०० रुपये जाहीर केले, ते नोंदणी असलेल्यांनाच. प्रत्येक वेळी प्रश्न एकच: तुमची नोंद कुठे आहे?

म्हणून करारासोबत चार गोष्टी करून घ्या.

महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाची नोंदणी, २००८ च्या कायद्याखाली, वय १८ ते ६०, जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात. मालकाच्या दाखल्यावर फक्त 'पेशंटची देखभाल' न लिहिता स्वयंपाक, कपडे, साफसफाई ही कामंही लिहून घ्या, कारण कायदा घरकामाचा आहे.

असंघटित कामगारांचं ई-श्रम कार्ड, वय १६ ते ५९, फुकट. आधारला जोडलेला मोबाइल आणि बँक खातं लागतं.

विमा. यात बऱ्याच जणी फसतात. २० रुपयांची सुरक्षा विमा योजना फक्त अपघाताची आहे, आजाराने मृत्यू झाला तर त्यातून काही मिळत नाही. साथीसाठी उपयोगाची ती वर्षाला ४३६ रुपयांची जीवन ज्योती योजना: वय १८ ते ५०, कुठल्याही कारणाने मृत्यू झाल्यास वारसाला २ लाख. मात्र नाव घातल्यावर पहिले ३० दिवस अपघाताशिवाय इतर मृत्यू धरत नाहीत. साथ दाराशी आल्यावर धावपळ करून उपयोग नाही, आत्ताच घ्या. खात्यातून हप्ता कापला जातो, तेवढी शिल्लक मे अखेरीला खात्यात ठेवायला सांगा. हप्ता चुकला की संरक्षण जातं.

चौथी गोष्ट ओळखपत्र आणि पत्र. २१ एप्रिल २०२० ला केंद्रीय गृह मंत्रालयाने स्पष्ट केलं होतं की घरी राहणाऱ्या ज्येष्ठांची सेवा करणाऱ्या अटेंडंटना टाळेबंदीतून सूट आहे. पण नाक्यावरच्या शिपायाला बाईच्या हातात काहीतरी दिसायला हवं. पत्रात पेशंटचं नाव-पत्ता, बाईचं नाव, ड्यूटीची वेळ, येण्या-जाण्याचा रस्ता, घरच्यांचा मोबाइल नंबर आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरचा शिक्का. एसटी बंद असेल तर रिक्षाचं भाडं कोणाचं, हेही त्याच करारात.

पगार रोख घेऊ नका. यूपीआयने घ्या आणि शेऱ्यात '१ ते १५ मे ड्यूटी' असं लिहायला लावा. उद्या कोणी 'ही आमच्याकडे कामाला नव्हतीच' म्हणालं तर तोच पुरावा.

आजारपणाच्या पगाराबद्दल: ब्युरोकडे १० किंवा जास्त माणसं कामाला असतील आणि पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, लागू होतं. बाईचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. सहा महिन्यांच्या काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात रोजच्या पगाराच्या ७० टक्के रक्कम, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. कोविडमध्ये दगावलेल्या विमाधारकांच्या वारसांना ईएसआयने सरासरी पगाराच्या ९० टक्के निवृत्तिवेतनही दिलं. म्हणून ब्युरोला पहिला प्रश्न हा विचारा की आमची ईएसआय वर्गणी भरता का.

चोपडेकर

ब्युरो चालवणाऱ्यांची बाजूही मांडतो. बहुतेक छोटे ब्युरो फक्त गाठ घालून देतात आणि एकदाच कमिशन घेतात. त्यांच्यावर ईएसआय टाकलं तर ते उद्या बंद पडतील. आणि पेशंटचे घरचे म्हणतात, 'बाईला लागण आमच्याच घरी झाली कशावरून? येताना रिक्षातही होऊ शकते.' या वादात बाई महिनाभर बिनपगारी बसते. त्यापेक्षा वादच नको, रोजच्या पगारावर थोडी रक्कम बाजूला काढायची.

समजा रोज ७०० रुपये ठरले. त्यावर घरच्यांनी रोजचे ३० वेगळे द्यायचे, महिन्याला ९०० जमतात. ७ दिवसांच्या विलगीकरणाचा पगार होतो ४,९००. साधारण साडेपाच महिन्यांत तेवढे साठतात. ड्यूटी आधीच संपली आणि बाई ठणठणीत राहिली तर साठलेली रक्कम तिलाच. कोणाची चूक, हा प्रश्नच येत नाही.

कामगारकट्टा

चोपडेकर भाऊ, साठवणुकीची कल्पना चांगली आहे, घ्याच. पण लागण दुसऱ्याच आठवड्यात झाली तर साठलेत फक्त ४२० रुपये. म्हणून करारात लिहा की कमी पडतील ते घरच्यांनी भरायचे. कमिशनबद्दलही सांगतो. एकदाच घेऊन बाजूला होणारा ब्युरो वेगळा. जो दर महिन्याला बाईच्या पगारातून कापतो, ड्यूटी बदलतो, बदली बाई पाठवतो, हजेरी ठेवतो, त्याने 'मी मालक नाही' म्हणणं मला पटत नाही. तो दर महिन्याला पैसे घेतो, तर आजारपणाचा वाटाही त्याने उचलायला हवा.

भुसावळ लोको

प्राणवायूच्या यंत्राबद्दल कोणी बोललं नाही. २०२१ च्या लाटेआधी नंदुरबार जिल्ह्याने हवेतून प्राणवायू तयार करणारे प्रकल्प उभे केले, पण ते रुग्णालयांसाठी. घरी बाईच्या हाती येतो तो कॉन्सन्ट्रेटर (खोलीतल्या हवेतून प्राणवायू वेगळा करणारं विजेचं यंत्र) किंवा छोटा सिलिंडर, आणि तो हाताळायला तिला कोणी शिकवलेलं नसतं. करारात लिहा की यंत्र देणाऱ्याने बाईला प्रत्यक्ष दाखवून द्यायचं, आणि प्रवाह डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तिने कमी-जास्त करायचा नाही.

५ लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट खातो. घरच्या १५० अँपिअर-अवरच्या एका बॅटरीवर पंखा धरून तीन तासही धरू नका. लाइट गेल्यावर पेशंट बाईकडे बघतो, म्हणून जोडून ठेवलेला राखीव सिलिंडर घरच्यांनी ठेवायचाच. बी टाइपमध्ये सुमारे १,५०० लिटर असतो: मिनिटाला २ लिटरने १२ तास, ५ लिटरने ५ तास. काटा उतरला की बदलायला कोण येणार त्याचा नंबर भिंतीवर हवा. लोखंडी सिलिंडर एकट्या बाईने उचलायचा नाही, हेही लिहा.

कॉन्सन्ट्रेटर भिंतीपासून फूटभर लांब ठेवा, आणि कूलरच्या थेट झोतात नको. ओलसर हवेने आतले झिओलाइटचे दाणे खराब होतात आणि प्राणवायूची शुद्धता घसरते, यंत्र मात्र चालूच दिसतं. मागचा स्पंजचा फिल्टर आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवून बसवायचा. केसांना तेल लावलेल्या हाताने सिलिंडरच्या वॉल्व्हला किंवा रेग्युलेटरला हात लावू नका, दाबाखालचा प्राणवायू तेलाला पेट देऊ शकतो. देवघर त्याच खोलीत असेल तर दिवा-उदबत्ती दुसरीकडे हलवा.

गिरणाकाठ (जळगाव)

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, २४ तासांच्या ड्यूटीचं काय करायचं? आमच्यातल्या एका मावशी म्हणतात, 'कामले ना नही, पन जीव बी आपलाच शे.' घरचे म्हणतात रात्री ती झोपतेच की. पण दर दोन तासांनी कूस बदलायची असेल तर ती झोप कसली? आणि काही ठिकाणी सलाईन लावायलाही सांगतात.

सिस्टर धुळे

सलाईन आणि इंजेक्शन साफ नाही म्हणायचं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेल्या सिस्टरचं ते काम आहे. बाईने तोंडावाटे, चिठ्ठीवर लिहिलेलं औषध तेवढं द्यायचं आणि वहीत वेळ टाकायची. काही बिघडलं तर दोष तिच्यावर येतो, तिच्या बाजूने एकही कागद नसतो. वहीचे रकाने: वेळ, ताप, ऑक्सिजन, औषध, सही. ऑक्सिजन ९४ च्या खाली आला तर डॉक्टरला फोन घरच्यांनी करायचा, आणि ते उचलत नसतील तर बाईने थेट १०८. नेलपेंट किंवा काळी मेंदी असलेल्या बोटावर मोजू नये.

२४ तासांची ड्यूटी साथीत घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. तीन-चार रात्री तुटक झोप झाली की हात धुणं चुकतं, मास्कची पट्टी सैल राहते, आणि नेमकं तेव्हाच पेशंटजवळ सगळ्यात जास्त काम असतं. परवडत असेल तर १२-१२ तासांच्या दोन जणी. गावखेड्यात एकच बाई मिळते, तिथे रात्रीचे सलग ६ तास घरातल्या दुसऱ्या माणसाने बघायचं, आणि बाईची झोपायची जागा पेशंटच्या खोलीत नको. वेगळी खोली नसेल तर गच्चीवर किंवा अंगणात बाज, पण आतून कडी लागेल अशी मोरी तिच्यासाठी हवीच. कूस बदलायला पेशंटखाली दुहेरी घडीची चादर घाला आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून सरकवा. एकटीने काखेत हात घालून ओढलं की तिची कंबर जाते.

बंद घरात कोणी त्रास दिला तर काय, हेही बायकांना आधीच सांगून ठेवा. जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेल्या स्थानिक समितीकडे लैंगिक छळाची तक्रार ३ महिन्यांच्या आत करता येते, घरकाम करणाऱ्या बाईलाही. तातडीला ११२ आणि महिला हेल्पलाइन १८१. मोबाइल काढून घ्यायचा नाही, ही ओळ करारात घाला.

कामगारकट्टा

ताई, पगाराचं कलम मी लिहून देतो, वकिलाला दाखवून घ्या:

'कामाच्या काळात किंवा काम संपल्यापासून ७ दिवसांत सौ. ___ यांना साथीच्या रोगाची लागण झाल्यास किंवा डॉक्टरांनी विलगीकरण सांगितल्यास, डॉक्टरांनी लिहिलेल्या दिवसांचा, किमान ७ दिवसांचा, ठरलेला पूर्ण पगार श्री./सौ. ___ देतील. तपासणीचा आणि औषधांचा खर्च तेच करतील. लागण कुठे झाली हे सिद्ध करण्याची जबाबदारी सौ. ___ यांच्यावर राहणार नाही. या काळात बदली बाई ठेवली तरी बरं झाल्यावर काम याच बाईला परत दिलं जाईल.'

शेवटचं वाक्य गाळायला बरेच जण सांगतील, गाळू नका. दोन प्रती करा, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या. फोटो गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकायचा नाही, पेशंटचा आजार आणि पत्ता त्यात असतो. तो बाईच्या आणि गटातल्या एका जबाबदार बाईच्या फोनमध्ये ठेवा.